आधी वेलांटी, मग अक्षर

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक टंकलेखक बसतात. पत्र्याचे टेबल, त्यावर गोदरेजचे देवनागरी यंत्र, बाजूला कार्बन कागदांची जुडी. वय साठीच्या पुढचे. प्रतिज्ञापत्र असो, संमतीपत्र असो की नावातल्या बदलाचा अर्ज, मजकूर त्यांना पाठ. ते फक्त नाव, गाव आणि वय विचारतात. ‘काका, अजून यंत्रावरच का?’ असे मी एकदा विचारले. त्यांनी रोलरमध्ये एक छापील फॉर्म अडकवला आणि म्हणाले, ‘साहेब, या अर्ध्या बोटाच्या रिकाम्या जागेत तुमच्या प्रिंटरला नाव बसवायला सांगा. चार फॉर्म वाया जातील. शिवाय लाइट गेली म्हणून माझे गिऱ्हाईक परत जात नाही.’

त्या दिवशी अर्जदाराचे नाव विकास होते. काकांचे बोट आधी ऱ्हस्व वेलांटीवर गेले, मग ‘व’वर. बोलताना आपण ‘व’ आधी म्हणतो, इकार मागून येतो. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे उभी असते आणि यंत्राला कागदच तेवढा कळतो. मीही तसेच शिकलो होतो, तरी या उलट्या क्रमाकडे कधी लक्ष गेले नव्हते. जुन्या यंत्रांची माहिती गोळा करण्याचा मला नाद आहे. त्या दिवसापासून मी यंत्राबरोबर टंकलेखकांची बोटेही पाहू लागलो.

टंकलेखन यंत्र जन्मले अमेरिकेत. मिलवॉकीचे ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्यांचे साथीदार यांना १८६८ मध्ये पेटंट मिळाले. १८७४ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. रोमन लिपीची २६ अक्षरे सुटी सुटी आणि एका रांगेत चालणारी. देवनागरीचा संसार मोठा: स्वर, व्यंजने, जोडाक्षरे, डोक्यावर मात्रा आणि रफार, पायाशी उकार. हे सारे ४६ कळांत, म्हणजे वरची-खालची मिळून ९२ चिन्हांत बसवायचे होते.

ते बसवताना केलेल्या युक्त्या आजही थक्क करतात. ख, ध, भ, श ही अक्षरे कळफलकावर पूर्ण रूपात नसतातच. अर्धे अक्षर मारायचे आणि त्याला काना जोडायचा. त्यामुळे एकाच कळेत अर्धे अक्षरही मिळते आणि पूर्ण अक्षराची सोयही होते. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा दाबल्या तर रोलर पुढे सरकत नाही. खूण शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी जाऊन बसते. लिपीचे सुटे भाग कसे करायचे याचा हा खोल विचार होता. तो करणाऱ्यांनी अक्षराकडे सुताराच्या नजरेने पाहिले होते.

उलट बाजूने लिपीलाच यंत्राजोगे करण्याचे प्रयत्नही झाले. मुद्रणाच्या सोयीसाठी सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. १९५३ मध्ये लखनऊला भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीच उचलून अक्षराच्या उजवीकडे ठेवायचे ठरवले. ते लोकांच्या हाताला रुचले नाही आणि पुढे सोडून द्यावे लागले. वेलांटी डावीकडेच राहिली. टंकलेखकांनी ती आधी मारण्याची सवय लावून घेतली आणि प्रश्न मिटवला.

यंत्र भारतात बनू लागले ते १९५५ मध्ये. गोदरेज अँड बॉइसने पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले आणि त्याच वर्षीच्या काँग्रेसच्या आवडी अधिवेशनात ते मांडले गेले. पुढे अनेक भारतीय लिप्यांतली यंत्रे निघाली. अखेरच्या काळातही गोदरेज वर्षाला १० ते १२ हजार यंत्रे बनवत होती. २००९ मध्ये उत्पादन थांबले. २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती अतिशयोक्त होती; इतरत्र यंत्रे तेव्हाही बनत होती. पण मृत्युलेख लिहून झाला होता.

मी टंकलेखन शिकलो ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, तालुक्याच्या गावी, किराणा दुकानाच्या माडीवर. मराठी ३०, इंग्रजी ४०, एवढ्या दोन प्रमाणपत्रांवर लिपिक-टंकलेखकाची जागा मिळू शकते, हे तेव्हा घराघरांत माहीत होते. वडिलांनी फी भरली ती त्याच हिशेबाने. कळांवरची अक्षरे पुसून गेलेली असत, त्यामुळे खाली पाहून उपयोग नव्हता. दहा-बारा यंत्रांच्या खडखडाटात ओळ संपल्याची घंटी कुणाची वाजली ते ज्याचे त्याला बरोबर कळे.

पुढे मी एका कार्यालयात चिकटलो. तिथे संगणक आले तेव्हा आमच्यातल्या पाच ज्येष्ठ टंकलेखकांना एका अधिकाऱ्याने सर्वांसमोर सांगितले, ‘तुमची विद्या आता भंगारात.’ वीस-वीस वर्षे काम केलेली माणसे. त्यांतल्या एक बाई त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या. महिन्याभराने संगणकावर कृतिदेव फाँट बसवला गेला. बाई खुर्चीवर बसल्या, सवयीने दोन ओळी मारल्या आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटले. कृतिदेवने रेमिंग्टनचा कळफलक जसाच्या तसा उचलला होता. लोखंड भंगारात गेले, पण बाईंची विद्या त्यांच्याकडेच राहिली.

या सोयीला किंमत होती, तीही सांगितली पाहिजे. कृतिदेव आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो. ‘विकास’ लिहिले की संगणकाच्या लेखी ते ‘एफ-ओ-डी-के-एल’ असते. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे हेच निरर्थक शब्द दिसतात. माझी स्वतःची सहा वर्षांची टिपणे अशीच कडबोळे होऊन बसली आणि ती सोडवण्यात एक अख्खा पावसाळा गेला. देशात किती कागद अजून या अवस्थेत पडून असतील, या विचाराने जीव हलतो.

उपाय मात्र बोटांची सवय मोडणे हा नव्हता. १९८६ मध्ये सरकारने सर्व भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक मान्य केला. त्यात आधी व्यंजन, मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम आहे. १९९१च्या युनिकोडमध्येही अक्षरे याच क्रमाने साठवली जातात. नव्याने शिकणाऱ्याला तो क्रम सोपा जातो, यात शंका नाही. पण साठवण्याची पद्धत नवी आणि बोटांची पद्धत जुनी, असेही चालते. युनिकोडसाठीचा रेमिंग्टन कळफलक उपलब्ध आहे. टंकलेखक जुन्याच क्रमाने लिहितो, संगणक आतल्या आत क्रम बदलून घेतो. जुळवून घेण्याचे काम यंत्राकडे सोपवता येत असताना आपण ते पन्नाशीच्या माणसाकडे मागतो आणि त्याला जमले नाही तर त्याला जुनाट म्हणतो, हे मला अन्यायाचे वाटते.

काकांना मी हा कळफलक लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी दोन बोटे फिरवली, हसले, ‘घंटी वाजत नाही,’ म्हणाले आणि पुन्हा आपल्या यंत्राकडे वळले. त्यांचे तिथे छान चालले आहे.

हा लेख मी त्याच कळफलकावर लिहिला आहे. वेलांटी आधी मारली की पडद्यावर क्षणभर ती एका ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाशेजारी उभी राहते. मग ‘व’ येतो आणि ती आपल्या जागी बसते.