टायरची मर्यादा

पिठाची मर्यादा आपल्या घरात लेकीबाळींनाही पाठ असते. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यापुढचं पीठ दिसायला कितीही पांढरंशुभ्र असो, चौक्यात चालत नाही. पीठ किती वापरलं हे कुणी विचारत नाही, दळलं कधी हे विचारतात. गाडीच्या टायरला मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. तिथं घासला किती एवढंच बघायचं. नक्षी खोल दिसली की टायर चांगला. नक्षीपासून रिमपर्यंतचा जो उभा काळा पट्टा असतो, दुकानदार ज्याला साईडवॉल म्हणतात, त्यावर केसासारख्या भेगा दिसल्या तरी "ऊन लागलंय, काही होत नाही" म्हणून विषय संपतो.

ही नजर आली कुठून, हे मी बरेच दिवस शोधत होते. मला वाटतं, ती बैलगाडीपासून आली.

आमच्या देडतलाईच्या बाजूला दोन पिढ्यांपूर्वी चाक म्हणजे लाकडी चाक, आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव लालबुंद तापवायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसायचं आणि लाकडाला करकचून धरायचं. ही धाव झिजायची ती फक्त चालून. गाडी पावसाळाभर खळ्यात उभी राहिली तर थोडा गंज चढे, तो पहिल्या फेरीतच निघून जाई. उभ्या उभ्या धाव म्हातारी होत नसे. म्हणून घरातल्या जाणत्या माणसाची नजर चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावरच जायची, आणि ते बरोबरच होतं.

रबराची जात वेगळी. तो झाडाचा चीक. नुसता वापरला तर उन्हात चिकट होतो, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांची जोड सापडली आणि रबर टिकाऊ झालं. हवेचं चाक स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्येच नोंदवून ठेवलं होतं, पण ते लोक विसरले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते पुन्हा केलं. त्याआधी १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून रबराच्या झाडाचं सत्तर हजार बी लंडनला नेलं होतं. त्यातल्या रोपांची संतती सिंहल, मलाया अशी पसरली. टायर बनतो तो या चिकापासून, आणि हल्ली त्यात खनिज तेलापासून केलेलं कृत्रिम रबरही असतं. काळा रंग काजळीचा. गंधकाचं काम नीट व्हावं म्हणून जस्ताची भुकटी आणि स्टिअरिक आम्ल घालतात. हे आम्ल पामतेलापासून होतं तसंच जनावरांच्या चरबीपासूनही होतं, आणि टायरवर त्याची हिरवी-तांबडी खूण नसते. हे कळल्यावर माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे आता चालतच जायचं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे पुद्गल शब्द फोडून सांगतात: जे भरतं आणि गळतं ते. टायर साच्यातून बाहेर पडला की त्याचं गळणं सुरू होतं, मग तो रस्त्यावर असो की दुकानाच्या माळ्यावर.

आता देशातली गोष्ट. डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला, मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा आला. १९४२ मध्ये जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि जगातल्या रबराचा बहुतेक पुरवठा एका झटक्यात तुटला. टायर रेशनवर गेले. पेट्रोल नाही म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. स्वातंत्र्यानंतरही टंचाईची सवय लवकर सुटली नाही. त्या काळात एक धंदा जिल्ह्याच्या गावोगावी वाढला, रिट्रेडिंगचा. नक्षी झिजून टायर टकला झाला की वर नवं रबर चढवायचं आणि आणखी काही हजार मैल काढायचे. मद्रासची एमआरएफ सुरुवातीला लहान मुलांचे फुगे बनवायची. तीही १९५२ मध्ये या रिट्रेडिंगच्या रबरात उतरली, टायर पुढे केले.

आता इथं एक गंमत आहे. रिट्रेडवाला टायर हातात घेतला की नक्षीकडे बघतच नसे, कारण ती तो नवीच लावणार. तो बघायचा बाजू. आतून हात फिरवायचा, दोन्ही हातांनी कड फाकवून बघायचा. भेगा दोऱ्यांपर्यंत गेल्या असतील तर "याचं अंग गेलं" म्हणून परत करायचा. म्हणजे बाजूची परीक्षा आपल्याकडे माहीत होती, पण ती ज्यानं त्यानं न करता एका कारागिराच्या हातात ठेवली होती. ट्रकांचे टायर आजही रिट्रेड होतात. घरच्या मोटारींचे सहसा कुणी करत नाही. त्यामुळे आपल्या टायरची बाजू बघणारा तो माणूस आपल्या वाटेतून गेला, आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

त्याच सुमाराला टायरही बदलला. मिशेलिननं १९४६ मध्ये रेडियल टायरची नोंद केली. गेल्या तीसेक वर्षांत आपल्या मोटारींना तोच बसतो. त्याची नक्षी खूप टिकते, पण बाजू मऊ. गाडी उभी असली तरी खालच्या बाजूला पोट सुटल्यासारखी फुगते. ताणलेलं रबर हवेतल्या ओझोनला आवडतं. ओझोन रबराच्या लांबलांब साखळ्यांतले दुवे तोडतो, आणि ताणाच्या आडव्या रेषेत भेग पडते. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या धुरक्यात रबर लवकर तडकतं हे लोकांच्या लक्षात आलं होतं. तिथं मग हवेत ओझोन किती आहे हे मोजायला वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच वापरल्या गेल्या.

कारखान्यात यावर उपाय करतात. रबरात मेण आणि ओझोन अडवणारी रसायनं मिसळलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरतात. जुन्या टायरवर तपकिरी झाक दिसते ती त्यांचीच. ती घाण समजून पेट्रोल-रॉकेलनं पुसून काढणारे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चकाकीचं तेल फासणारे माझ्या माहितीत पुष्कळ आहेत. पण खरी गोम पुढे आहे: हा थर ताजा राहतो तो टायर फिरल्यानं. चाक फिरतं, बाजू दबते-सुटते, आतलं मेण वर येतं. उभ्या गाडीचा थर वाळतो, फुटतो, आणि ओझोनला वाट मिळते.

त्या रसायनाची दुसरी बाजूही सांगून टाकते. अमेरिकेत सिएटलच्या ओढ्यांत पहिल्या पावसानंतर कोहो जातीचे मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी कारण जाहीर केलं. टायरमधलं हेच भेगा अडवणारं रसायन ओझोनशी मिळून नवा पदार्थ बनतो, रस्त्यावर घासलेल्या रबराच्या धुळीतून पाण्यात जातो आणि माशांना मारतो. टायर तडकू नये म्हणून घातलेली वस्तू जीव घेते. दुसरं काही अजून तितकं चालत नाही, म्हणून ती घालणं सुरू आहे.

उभ्या गाडीचा मुद्दा आपल्या घरांना जास्त लागतो. चातुर्मासात आपण प्रवास कमी करतो, काहीजण दिशांची मर्यादा घेतात. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने उभी. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तो मार आधीच बसलेला असतो. हवा हळूहळू कमी होते, कुणी भरत नाही, कारण गाडी कुठे जाणार आहे? कमी हवेत बाजू आणखी फुगते. मग वर्षायोग संपला की हीच गाडी सहासात माणसं आणि डबे घेऊन धारणी, सेमाडोह, घटांग करत मेळघाटाच्या वळणांवरून परतवाड्याला आणि तिथून मुक्तागिरीला निघते. वर्षभरातला सगळ्यात जड प्रवास सगळ्यात सुकलेल्या टायरवर होतो.

पूर्वी आमच्या भागातल्या पुष्कळ प्रवासाला तुकईथडहून अकोल्याकडे जाणारी छोटी गाडी होती, धूळघाटाच्या वळशातून उतरणारी. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ती बंद झाली. पुढे मार्ग मेळघाटातून न्यायचा की बाहेरून, यावर वाद झाला. तोवर जो तो स्वतःच्या किंवा भाड्याच्या मोटारीवर आला.

आमच्या गाडीच्या टायरना तिसऱ्या वर्षी भेगा पडल्या. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक. वॉरंटी बाकी होती, म्हणून ज्या दुकानातून घेतले तिथं गेलो. कंपनीचा माणूस आला, खोली मोजण्याची सळई नक्षीत घातली, आकडा लिहिला. बाजूकडे एकदा बघून म्हणाला, हे हवामानाचं आहे, गाडी उभी ठेवल्याचं आहे, बनावटीचा दोष नाही. भरपाई मिळाली असती तरी तीही उरलेल्या नक्षीच्या हिशेबानंच. कायद्याचीही तीच तऱ्हा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये असं नियमात आहे, पण वयाचा आकडा नाही.

मग नवे घ्यायला गेलो. दुकानदारानं माळ्यावरून चार टायर काढले, वरचा कागदही फाडलेला नाही. आमचे हे किंमत कमी करण्यात गुंतले होते. मी बाजूवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे शोधले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दोन टायर चार महिन्यांपूर्वीचे होते, दोन अडीच वर्षांपूर्वीचे.

"भाभीजी, माल तो नया है, लगा ही नहीं," दुकानदार म्हणाला.

"दादा, दळून अडीच वर्षं झाली," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. आमचे हे हसले. चारही ताजे मिळायला आठ दिवस लागले, ते आम्ही थांबलो.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा, पूर्ण चौकट बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि बसवणारा ती आत टाकतो. मग वाकून टॉर्चनं बघावं लागतं. बसवण्याआधीच सांगा, आकडे बाहेर हवेत. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवा आणि दहाव्या वर्षी नक्षी कशीही असो काढून टाका, असं बऱ्याच कंपन्याच सांगतात. आमच्या उन्हात दहाची वाट मी बघणार नाही. नुसत्या वरवरच्या बारीक रेषा म्हणजे सूचना. भेगेत नख अडकायला लागलं, दोरे दिसले, किंवा बाजूला फोड आला, तर त्या टायरवर बाजारापर्यंतही जाऊ नये.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पुढच्या वर्षी प्रवेशाशीच टायर तपासणं सुरू झालं, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तिथंही नक्षीच. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा आधी टायर फुटला असं सांगितलं गेलं. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे जिथं टायरची चूक नसते तिथं त्याचं नाव पुढे करायचं, आणि जिथं असते तिथं तो न बघताच निघायचं. दोन्हीत माणूस सुटतो.

आणि रस्त्यावर फक्त आपण नसतो. चातुर्मास संपला की संघ विहाराला निघतात. आर्यिका माताजी पहाटेच्या अंधुक उजेडात रस्त्याच्या कडेनं चालतात, मुनी चालतात, मागून पिच्छी-कमंडलूच्या सोबतीला गावातली पोरं असतात. विहारात वाहनाच्या धडकेनं साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर एक-दोन वर्षांनी येतात आणि आपण सभा घेऊन रस्त्याच्या कडेला वेगळी वाट मागतो. मागणी योग्यच आहे. पण पुढचा टायर बाजूतून फुटला की गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि डावा फुटला तर ती ओढ कडेकडेच असते. जमिनीवर पाऊल ठेवताना मुंगी बघणाऱ्या माणसाच्या मागून आपली गाडी येत असते.

आता स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आला. लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक काढलं, आणि इंग्रज विसरले तरी तो शब्द आपण धरून ठेवला. आमच्या स्टेपनीवर गाडी घेतली त्या वर्षाचे आकडे होते. ती एकदाही जमिनीला टेकली नव्हती, नक्षीवरचे रबराचे केस तसेच होते, आणि बाजूला भेगा.

जुने टायर दुकानदार विकत घेतो म्हणाला, नक्षी चांगली आहे, कुणीतरी टेम्पोला लावेल. मी दिले नाहीत. घरी आणले आणि पंक्चरवाल्याला बोलावून करवतीनं कापायला सांगितले. कडेची तार कापायला त्याला बराच वेळ लागला. "बाई, चांगले होते की," तो दर टायरला म्हणत होता. दोन गोठ्यापाशी पडले आहेत, बाकीच्यांच्या तो चपला करणार आहे.