तेल, गाढव आणि दक्षिण दिशा

घरात सकाळी कुणी “रातच्याला सपन पडलं” म्हणालं, की काय दिसलं हे आजी आधी विचारत नसे. ती विचारायची, “कोंबडा आरवला होता का?” मध्यरात्रीचं असेल तर तिचं पाखडणं थांबतसुद्धा नसे. पहाटेचं असेल तर सूप खाली यायचं आणि दुसरा प्रश्न व्हायचा, “मग पुन्हा झोपलास का?” काय दिसलं, हा तिसरा. साप, पाणी, पडलेला दात, लग्नाचा मांडव, मेलेलं माणूस, सगळ्याची उत्तरं तिच्यापाशी होती. साप म्हणजे चांगलं. दात म्हणजे घरातलं माणूस. जिवंत माणूस मेलेला दिसला तर त्याचं आयुष्य वाढलं. लग्न दिसलं तर मात्र ती गप्प व्हायची, आणि तोंड धुण्याआधी नदीवर जाऊन पाण्याला सांगून ये म्हणायची. नदी म्हणजे वैनगंगा. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या अंगाला.

पुष्कळ वर्षं मी समजत होतो की हे सारं बायकांनी जात्यावर बसून रचलेलं आहे. मग एकदा अग्निपुराणातला स्वप्नांचा अध्याय वाचायला घेतला, तर आजीचा पहिला प्रश्न तिथे बसलेलाच होता. रात्रीच्या पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षाने फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातलं तीन महिन्यांनी, चौथ्यातलं पंधरा दिवसांत आणि अरुणोदयाचं दहा दिवसांत. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो, त्याचं मूळ हे. ते लवकर फळतं, म्हणून लक्षात राहतं. दुसरा प्रश्न त्याहून जुन्या पोथीत, चरकसंहितेत सापडला. वाईट पाहून पुन्हा डोळा लागला आणि मग चांगलं दिसलं, तर फळ चांगल्याचंच. ज्या स्वप्नानंतर माणूस पुन्हा झोपत नाही, ते मोठं फळ देतं. चांगल्यानंतर जागं राहायचं, वाईटानंतर कूस बदलून झोपायचं, हा घरोघरचा नेम यातूनच आला.

चरकात ही गोष्ट कुठे आली आहे, इकडे लक्ष दिलं की या विद्येचं कूळ कळतं. ती ‘इंद्रियस्थाना’त आहे. रोगी वाचणार की नाही याची चिन्हं वैद्याने कशी ओळखावी, ते सांगणारा हा भाग. त्यातला पाचवा अध्याय स्वप्नांवर बराच वेळ रेंगाळतो. कुत्रा, उंट किंवा गाढव यांवर बसून दक्षिणेकडे निघाल्याचं दिसलं, तर राजयक्ष्मा. तऱ्हेतऱ्हेची तेलं-तुपं प्यायल्याचं दिसलं, तर प्रमेह. छातीत काटेरी वेल उगवली, तर गुल्म. राक्षसांबरोबर नाचत नाचत पाण्यात बुडाल्याचं दिसलं, तर उन्माद. कारणही दिलं आहे. मनाचे मार्ग प्रबळ दोषांनी भरले की भयाण स्वप्नं पडतात. म्हणजे स्वप्न हा वैद्याला नाडीसारखा आतल्या बिघाडाचा माग होता. उद्या धनलाभ आहे की नाही हे पाहण्यासाठी ही यादी झालेली नाही. कुणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसून “रात्री काय दिसलं?” असं विचारत होतं, त्यातून ती झाली.

शिवाय चरकाने चाळणीही लावली आहे. स्वप्नं सात प्रकारची: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांतून आलेलं. पहिल्या पाचांना फळ नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण म्हणजे त्या पाच प्रकारांचा मराठीतला एका ओळीचा सारांशच. जत्रेत मिळणाऱ्या स्वप्नफळाच्या पातळ पुस्तकांत ही चाळणी नसते, फक्त याद्या असतात, याचं मला फार वाईट वाटतं. मूळ वैद्य सातांतली पाच स्वप्नं बाजूला काढून मग अर्थ लावायला बसत होता.

चरकाच्याही मागे गेलं, तर ऋग्वेदात स्वप्नाचा अर्थ लावणं दिसतच नाही. तिथे स्वप्न घालवून द्यायचं असतं. आठव्या मंडलात उषेला विनवलं आहे, हे दुष्ट स्वप्न त्रित आप्त्याकडे घेऊन जा. दूर राहणाऱ्या कुणाकडे तरी ते पोचतं करायचं आणि आपण मोकळं व्हायचं. आप्त्य या नावात ‘आप’ म्हणजे पाणी ऐकू येतं. पहाटे वैनगंगेच्या काठाशी उभा राहून मी माझं स्वप्न पाण्याला सांगत असे, तेव्हा वेळ उषेची आणि पत्ता पाण्याचाच होता. दोन्हींत थेट नातं आहे असं सिद्ध करता येणार नाही. मला ते आहे असं वाटतं.

अर्थ लावण्याची सुरुवात दिसते ती ऐतरेय आरण्यकात. काळ्या दातांचा काळा पुरुष येऊन मारतो, रानडुक्कर मारतं, माकड अंगावर झेप घेतं, गिळलेलं सोनं माणूस ओकून टाकतो, ही तिथली मरणाची चिन्हं. मग रामायण. आजोळी असलेल्या भरताला स्वप्न पडतं. दशरथ डोंगरावरून शेणाच्या डोहात पडतो, ओंजळीने तेल पितो, लाल माळा घालून गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जातो. लंकेत त्रिजटेच्या स्वप्नातला रावण असाच आहे: मुंडण केलेला, लाल वस्त्रातला, तेल प्यालेला, गाढवावर बसून दक्षिणेला निघालेला. इतक्या वेगवेगळ्या ग्रंथांत तेल, गाढव, लाल फूल आणि दक्षिण दिशा हाच मेळ का दिसावा?

दक्षिण यमाची, हे तर आपण उशी कुठे ठेवायची यावरूनच शिकतो. लाल फुलांचं उत्तर मृच्छकटिकात आहे. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात तेव्हा त्याच्या गळ्यात लाल कण्हेरीची माळ असते. गाढवाचं उत्तर मराठीत अजून जिवंत आहे, गाढवावरून धिंड. तेलाचं उत्तर रामायणातच आहे. भरताला स्वप्न पडलं त्या वेळी अयोध्येत दशरथाचं प्रेत तेलाच्या द्रोणीत ठेवलेलं होतं, मुलगा येईपर्यंत टिकावं म्हणून. म्हणजे ही चिन्हं कुणी हवेतून काढलेली नाहीत. प्रेताची तयारी, वधाची मिरवणूक, स्मशानाची वाट, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तेच तुकडे स्वप्नात दिसले की माणूस दचकला, आणि दचकण्याला पोथीने अर्थ दिला.

ही किल्ली लावली की बाकीची कुलुपं भराभर उघडतात. पांढरं सगळं शुभ असा स्वप्नशास्त्राचा नियम आहे, पण कापूस, राख, हाड आणि ताक वगळून. काही पाठांत भातही वगळलेला आहे. राख आणि हाड स्मशानातलं, भात पिंडाचा. आमच्याकडे पिकाला ‘भात’ म्हणत नाहीत, ‘धान’ म्हणतात, भात फक्त ताटातला. त्यामुळे स्वप्नात धानाची रास दिसली तर आजी खूश आणि भाताचा ढीग दिसला तर कपाळाला आठी, हे मला कळू लागलं. लग्नाचंही तसंच. अग्निपुराणाच्या अशुभ यादीत विवाह आणि गाणं स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या मते कारण साधं आहे. हळद, फुलं, बाजा, दाराशी जमलेली माणसं, हे सगळं आपल्याकडे दोन वेळी असतं.

त्याच यादीत एक चिन्ह आहे, डोक्यावर काशाची भांडी फुटणं. भंडाऱ्याच्या माणसाला ते वाचून थांबावंच लागतं. हे गाव पितळेच्या भांड्यांचं. पितळ पडलं तर त्याला पोचा येतो, तांबट तो ठोकून काढून देतो. कासं मात्र तडकतं. घरात एक काशाचं ताट होतं, आजोबांचं. ते एकदा ओट्यावरून फरशीवर पडलं, घंटेसारखा आवाज झाला आणि काठापासून मधोमध रेघ गेली. त्या ताटात पुन्हा कुणाला वाढलं नाही. पोथी लिहिणाऱ्याच्या घरातही असा आवाज कधीतरी झाला असणार. चिखलाने अंग माखणं, उंचावरून पडणं, अंगावर गवत नि झाडं उगवणं, हीही चिन्हं तिथे आहेत. नाभीवर झाड उगवलं तर मात्र ते शुभ, तिथे विष्णूची आठवण आहे.

दाताचा अर्थ तर समुद्रापलीकडेही हाच. दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नज्ञ आर्टेमिडोरस लिहितो की तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे त्यात राहणारी माणसं, वरचे दात मोठ्या मानाचे. त्याने आजीकडून घेतलं नाही आणि आजीने त्याच्याकडून नाही. दात पडण्याची भीती सगळीकडे सारखीच.

सापाच्या बाबतीत आमची माती वेगळं बोलते. पांढरा साप उजव्या दंडाला डसला तर दहा दिवसांत हजाराचा लाभ, असं स्वप्नाध्यायात येतं. बाराव्या शतकात जगद्देवाने ‘स्वप्नचिंतामणि’ रचला तोवर अशा फळांचा मोठा साठा जमला होता. पण आजीचा साप पैशाचा नव्हता, राखणदार होता. बांधीत उंदीर धान खातो आणि साप उंदीर खातो, एवढं तिला पुरे होतं. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केलं, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली. मौर्य-शुंग काळापासूनचे स्तूप उजेडात आले. पवनीच्याच शिल्पांत एक नाग आहे, मुचलिंद, आणि त्याचं नाव ब्राह्मीत कोरलेलं आहे. ज्ञान झाल्यावर ध्यानात बसलेल्या बुद्धावर सात दिवस वादळी पाऊस कोसळला, तेव्हा मुचलिंदाने वेटोळं घालून वर फणा धरला. ते शिल्प दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आजीने ते कधी पाहिलं नाही, पण आमच्या भागात फणा हे छप्पर आहे, ही समजूत दोन हजार वर्षांपूर्वी दगडात होती.

एक शब्द राहिला, ‘दृष्टान्त’. न्यायशास्त्रात तो दाखला. चक्रधरांच्या दाखल्यांचा केशिराजबासांनी केलेला ‘दृष्टान्तपाठ’ मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथांतला. चक्रधरांच्या सुरुवातीच्या अनुयायांतले नीळभट भांडारेकार आमच्या भंडाऱ्याचे. पुढे मराठीत देव स्वप्नात येऊन बोलला, तरी ‘दृष्टान्त झाला’ म्हणू लागले. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला आणि बहिणाबाईंना तुकोबांनी. ही स्वप्नं कुणी पोथी उघडून उलगडली नाहीत, ती सरळ सांगून गेली. ज्याला फोड लागते ते सपन, फोडीशिवाय कळतो तो दृष्टान्त, असा भेद आजी करायची.

शेवटच्या आजारात ती खाटेवरच होती. शेजारच्या गावचे डॉक्टर यायचे, दंडाला पट्टा बांधायचे. एका सकाळी त्यांनी विचारलं, “आजी, झोप लागते का?” ती म्हणाली, लागते, आणि सपनात रोज रोवणी चालू असते, पऱ्हे हातात आणि गुडघ्यापर्यंत पाणी. डॉक्टर याच भागातले, शेतकऱ्याच्या घरातले. पट्ट्यातली हवा सोडता सोडता त्यांनी हळूच विचारलं, “पाणी कसं होतं? स्वच्छ की गढूळ?” माझ्या पोटात गोळा आला, कारण यादी मला पाठ होती. आजीने त्यांच्याकडे नवल वाटून पाहिलं.

“रोवनीचं पानी गढूरच रायते, बापा,” ती म्हणाली.