ऐसपैस गाडीचे मोल

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. गेल्या शतकात या दोहोंच्या पंक्तीला तिसरे एक कार्य येऊन बसले, ते मोटार घेण्याचे. पहिल्या दोन कार्यांत जे अनुभवाला येते तेच येथेही येते. आरंभी जो आकडा सांगितला जातो तो शेवटचा कधीच नसतो. ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. परंतु किंमत विकणारा सांगतो, मोल घेणाऱ्याला कळते, आणि तेही बहुधा उशिराच. चार दरवाजांची, मागे डिकी असलेली, पाच माणसे अवघडल्यावाचून बसतील अशी ऐसपैस गाडी घेताना आपल्याकडचा काटकसरी गृहस्थ हे मोल कसे जोखत आला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मोटारींच्या यंत्रापेक्षा आपल्या अर्थव्यवहाराबद्दलच तो अधिक सांगतो.

अशा गाडीला ‘सेडान’ म्हणतात. इंग्लंडात सतराव्या शतकात दोन माणसे दांडे धरून जी बंद खुर्ची वाहून नेत, तिचे हे नाव. आपल्याकडे तिला मेणा म्हटले असते. पुढे मोटारी आल्या तेव्हा आरंभीच्या बहुतेक उघड्या, वर कापडी छत असलेल्या होत्या. काचा आणि पक्के छत असलेली गाडी निघाली तेव्हा तिला जुन्या मेण्याचेच नाव मिळाले. मेण्यात बसणाराने भोयांच्या मजुरीचा हिशेब क्वचितच केला असेल. सेडान घेणाऱ्या मध्यमवर्गीयाला मात्र तो पहिल्या दिवसापासून करावा लागला.

१९२८ साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि पाठोपाठ फोर्ड कंपनीही आली. सुटे भाग परदेशातून पेट्यांतून यावेत आणि येथे त्यांची गाडी व्हावी, अशी ही व्यवस्था होती. त्या काळच्या अमेरिकन गाड्या मोठ्या होत्या. संस्थानिक, गिरणीमालक, बडे बॅरिस्टर आणि नाव झालेले डॉक्टर हे त्यांचे गिऱ्हाईक. यांच्यापैकी कोणाला पेट्रोलची फारशी चिंता असण्याचे कारण नव्हते.

मोटार या देशातच घडावी यासाठी शेठ वालचंद हिराचंद यांनी केलेली खटपट मराठी वाचकाला परिचित आहे. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डी सोटो अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंगालात उत्तरपाड्याला गेली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने निर्णय घेतला, की नुसती जुळवणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही; जो येथे भाग बनवील तोच टिकेल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने या धोरणाचा अर्थ साधा होता. निवड आता उत्तरपाडा, कुर्ला आणि मद्रासचा स्टँडर्ड या मोजक्या दारांपुरतीच उरली.

यातूनच १९५७ साली अॅम्बॅसिडर आली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा हा हिंदी अवतार. मूळ गाडी इंग्लंडात दोन-तीन वर्षांतच मागे पडली. अवतार मात्र सत्तावन्न वर्षे चालला. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ९७ इंच, तर कुर्ल्याच्या फियाट अकराशेचे सुमारे ९२ इंच. पाच इंचांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु अॅम्बॅसिडरचे छत उंच, बाक सलग आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर दोन मुले हा प्रवास नियमात बसो वा न बसो, गाडीत मात्र बसे. डोक्यावरचा फेटा न उतरवता आत शिरता येणारी गाडी, ही तिची खरी जाहिरात होती.

तिचे दुसरे मोल दुरुस्तीत होते. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढे पिळाच्या सळ्या, आणि १९५९ पासून वर्षानुवर्षे तेच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. गाडी बदलत नसल्यामुळे कारागिराचा हात बसला. तालुक्याच्या गावी चिंचेखाली बसणारा मिस्त्रीही ती उघडून पुन्हा जोडू शके. ज्या देशात रस्ते खडबडीत आणि कारखान्याची अधिकृत दुकाने दूर, तेथे हा गुण मऊ गादीहून मोठा होता.

आणि तरीही या गुणाचे मोल सर्वत्र सारखे नव्हते. मोटारीचा सगळ्यांत कठोर परीक्षक टॅक्सीवाला. त्याला शोभेशी कर्तव्य नसते. महिनाअखेर हातात काय उरते तेवढे तो पाहतो. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्याने अॅम्बॅसिडर पत्करली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याने फियाट. जुन्या फियाटला मुंबईकराने ‘डुक्कर’ म्हणून नाव ठेवले, पण पोट भरले ते तिच्यावरच. कुर्ला जवळ, सुटे भाग हाताशी, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पेट्रोलला बेताचे आणि पुन्हा विकायला गिऱ्हाईक दारात. उत्तरपाडा कलकत्त्याच्या अंगणात होते, तेव्हा तेथे हाच हिशेब उलट्या बाजूने सुटला. काटकसर दोन्ही शहरांत एकच होती, उत्तरे दोन आली. मोल गाडीत जेवढे असते तेवढेच ते तिच्या भोवतालच्या गावातही असते, हे यावरून दिसते.

त्या काळाच्या हिशेबातली सर्वांत विलक्षण बाब म्हणजे घसारा. वापरलेली वस्तू नव्याहून स्वस्त, हा बाजाराचा साधा नियम. टंचाईने तो उलटा केला. पैसे भरून नंबर लावावा आणि वर्षे मोजावीत, अशी स्थिती होती. फियाटची रांग तर अॅम्बॅसिडरहून लांब. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम निघाला, तो या रांगेतून होणारा व्यापार रोखण्यासाठी. तथापि हुकुमाने टंचाई नाहीशी होत नाही. हातातली गाडी कारखान्याच्या भावाहून चढ्या भावाने विकली जाई आणि नुसता लागलेला नंबरसुद्धा मालमत्ता ठरे. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतीच बांधून टाकल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकालात निघाला. छापील किंमत कायद्याने ठरली, मोल मात्र रांगेने ठरत राहिले.

याचा परिणाम गिऱ्हाइकाच्या मनावर खोल झाला. गाडी विकताना घातलेले पैसे परत येणार, किंबहुना वरकड मिळणार, अशी खात्री असल्यावर तिच्या किमतीची चिंता कशाला? उरली ती एकच चिंता, रोजच्या पेट्रोलची. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती अधिकच तीव्र झाली. गाडीचे नाव निघताच आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, तो ‘किती देते?’ दुभत्या जनावराबद्दल विचारावा तसाच हा प्रश्न. त्याला कंजूषपणाचे लक्षण म्हणून हसणारे हसोत; त्या काळी तो अचूक होता. घसारा नाही, दुरुस्ती स्वस्त, मग खर्च म्हणून उरला तो इंधनाचाच.

ऐसपैसपणाला प्रतिष्ठेची जोड देण्याचा प्रयत्न पुढच्या दशकात झाला. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला शोभेल अशी गाडी हवी, या कल्पनेने १९८४ मध्ये उत्तरपाड्याहून कॉन्टेसा आली आणि १९८५ मध्ये मद्रासहून स्टँडर्ड २०००. कॉन्टेसाचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, पण आरंभीचे इंजिन अॅम्बॅसिडरचेच. स्टँडर्ड २००० चे रूप रोव्हरचे देखणे, आणि पोटात जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले इंजिन. जरीचा अंगरखा घालून बैलगाडी हाकावी तसे हे झाले. कॉन्टेसाला पुढे इसुझूचे इंजिन मिळाले आणि तिला बरे दिवस आले. स्टँडर्ड २००० तीन-चार वर्षांतच बंद पडली. लांबीरुंदीला भुलून पैसे टाकणारा गिऱ्हाईक येथे फारसा नाही, हे तिने दाखवून दिले. त्याच्या अगोदरच, डिसेंबर १९८३ मध्ये, ७९६ घनसेंटिमीटरची मारुती रस्त्यावर आली होती. ती जागेला तोकडी, पण भरवशाची आणि ‘देणारी’. गृहस्थाने मांडी आखडून घेतली आणि तिला पसंत केले.

१९९३ साली मोटारींच्या कारखान्यांवरचे परवान्याचे बंधन उठले आणि चित्र पालटले. कोरियन, जर्मन, जपानी, झेक गाड्या आल्या. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना उभा राहिला. तेथे आधी ऑक्टेव्हिया आणि मग सुपर्ब तयार होऊ लागली. २००९ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या सुपर्बच्या आसांमधले अंतर सुमारे १०९ इंच होते, अॅम्बॅसिडरहून फूटभर अधिक. मागच्या बाकावर पाय पसरून बसावे आणि पुण्याहून नागपूर गाठावे, अशी ही गाडी. परंतु रांग संपली तसा घसारा आपल्या मूळ स्वभावावर आला. मोठी सेडान नव्याने घेणारात कंपन्या पुष्कळ. त्यांना घसाऱ्याची वजावट आयकरात मिळते, काही वर्षांनी त्या गाडी काढून टाकतात. बाजारात जुन्या मोठ्या गाड्यांची आवक वाढते आणि भाव कोसळतो.

या नव्या स्थितीचा हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, गाडी वर्षाला ९,००० किलोमीटर धावते. लिटरला १२ किलोमीटर देणारी मोठी गाडी ७५० लिटर पेट्रोल पिईल आणि १८ देणारी लहान गाडी ५०० लिटर. लिटरचा भाव १०० रुपये धरला, तर फरक वर्षाला २५,००० रुपयांचा. आता समजा, मोठी गाडी ४० लाखांची आहे आणि पाच वर्षांत तिचा भाव निम्म्यावर आला. घसारा झाला वर्षाला ४ लाख. पेट्रोलच्या फरकाहून तो सोळा पट. आजोबांच्या काळी जो खर्च मुळी नव्हताच, तो आज सर्वांत मोठा आहे. आणि आपण मात्र शोरूममध्ये उभे राहून आजोबांचाच प्रश्न विचारतो, ‘किती देते?’ प्रश्न वारशाने आला, परिस्थिती तेवढी आली नाही.

यातून काटकसरी माणसाचा लाभही निघतो. पहिल्या मालकाने घसारा सोसलेली चांगली मोठी गाडी २० लाखांत घेतली आणि पुढच्या पाच वर्षांनी ती ८ लाखांना गेली, तर तुटवडा वर्षाला २ लाख ४० हजारांचा. नवी घेतल्याच्या मानाने बराच कमी. मात्र अॅम्बॅसिडरचे जे दुसरे मोल, ते येथे नाही. दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स चिंचेखाली उघडत नाही. विजेवर चालणारे उपकरण बिघडले की आख्खे बदलावे लागते, आणि त्याचे बिल गाडीच्या जुन्या भावाला नव्हे, नव्या किमतीला साजेसे येते. म्हणून अशा गाडीचे कागद, तिची दुरुस्तीची वही आणि आपल्या गावात ती जाणणारा माणूस, ही तीन पाहिल्यावाचून स्वस्ताईला भुलू नये.

गाडीतली जागा ठरवणारे आणखी एक हात आहेत, ते सरकारचे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांपर्यंतच्या आणि ठराविक क्षमतेच्या आतल्या इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. लगोलग कात्री चालली ती डिकीवर. २००८ साली पुण्याच्या टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून चार मीटरांत बसवली आणि पुढे इतरांनीही तीच वाट धरली. सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर अशा लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के आहे. तेव्हा ऐसपैस गाडी घेणारा जी किंमत देतो, तिच्यात लोखंड आणि काच किती, आणि लांबीवरचा कर किती, हेही त्याने पाहावे.

मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यात अॅम्बॅसिडरचे उत्पादन थांबले. २०१७ साली तिचे नुसते नाव ८० कोटी रुपयांना प्यूजो कंपनीकडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली. लोकांनी फोटो काढले, हळहळ व्यक्त केली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या गाड्या ज्या टंचाईत मोलाच्या ठरल्या, त्या टंचाईविषयी हळहळ बाळगण्याचे कारण नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पारख करण्याची मुभा नव्हती. जे मिळे ते सांभाळणे एवढेच त्याच्या हाती होते, आणि ते त्याने उत्तम केले. आज पारख करण्याची मुभा आहे. ती वापरायची, तर गाडी किती देते एवढेच विचारून भागणार नाही. ती आपल्याकडून किती घेते, हे विचारावे लागेल. आणि वर्षातले किती दिवस तिच्या पाचही जागा भरतात, हे स्वतःला विचारावे लागेल. ज्याच्या घरी आईवडील, मुले आणि गावचा प्रवास आहे, त्याला ऐसपैस गाडी महाग पडूनही मोलाची ठरेल. ज्याचा मागचा बाक बारा महिने रिकामा, त्याने केवढीही सूट मिळवली तरी तो मेण्याचे भाडे भरून पायीच चालतो आहे.