मंगळावरील हिमाची मोजणी
विल्यम हर्शेल याने 1784 साली मंगळाच्या ध्रुवांवरील श्वेत टोप्या ऋतुमानाप्रमाणे क्षय-वृद्धी पावतात असे लिहून ठेविले आणि पृथ्वीच्या उदाहरणावरून त्यांस पाण्याचे हिम ठरविले; हा समज, मधूनमधून शंका निघूनही, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ बव्हंशी बहाल राहिला. 1966 साली लेटन व मरे या शास्त्रज्ञांनी केवळ गणिताच्या आधारे त्या टोप्या गोठलेल्या कार्बन डायॉक्साइडच्या असाव्यात असे प्रतिपादिले, आणि 1969 साली मरिनर 7 या यानाने जाताजाता घेतलेल्या तापमानाने त्यास पुष्टी दिली. परंतु प्रकरण तेवढ्याने निकालात निघाले नाही. 1976 साली व्हायकिंग यानांनी कक्षेतून ऐन उन्हाळ्यातील उत्तर ध्रुव तपासला, तेव्हा तेथील उष्णता कार्बन डायॉक्साइडचे हिम टिकण्याच्या मानाने पुष्कळच अधिक आढळली. अर्थात् उरलेले हिम पाण्याचे होते. हर्शेलचा तर्क असा अर्धा तरी खरा ठरला, आणि त्याच्या काळची साधने पाहता हे थोडे नव्हे! पुढे मार्स एक्स्प्रेस या यानाच्या रडारने तळाचाही ठाव घेतला. त्याच्या लहरी हिम भेदून खालच्या भूमीवरून परततात आणि परतीच्या विलंबावरून जाडीचा हिशेब लागतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दक्षिण ध्रुवावरील थरांची जाडी काही ठिकाणी 3.7 किलोमीटर भरली; ते सारे वितळून समप्रमाणात पसरले, तर संपूर्ण ग्रहावर सुमारे 11 मीटर पाणी होईल.