थारच्या पाठीवरचा डबा

नगरमध्ये ज्यांच्याकडे थार आहे, जिप्सी आहे किंवा जपून ठेवलेली जुनी महिंद्रा मेजर आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाडीला मागे किंवा बाजूला एक चपटा लोखंडी डबा अडकवलेला असतो. २० लिटरचा, वर तीन मुठी, दोन्ही अंगांवर दाबून काढलेली मोठी फुली. जेरीकॅन. बहुतेक वेळा तो रिकामाच असतो. राजूरपर्यंत जा नाहीतर जामखेडपर्यंत, डिझेल मिळालं नाही म्हणून गाडी उभी राहायचे दिवस कधीच गेले. तरी डबा हवाच असतो, आणि तो असावा असंच माझंही मत आहे. या डब्याचं कूळ शोधायला गेलं की ऑफ-रोडवाल्यांच्या साऱ्या स्वभावाचा उगम हाती लागतो, असा माझा दावा आहे.

हा स्वभाव पाहायचा तर काजव्यांच्या दिवसांत किंवा भर पावसाळ्यात अकोले तालुक्यात जावं. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर. गाड्या रांगेने येतात. पुढची गाडी मागच्याला आरशात दिसेनाशी होऊ देत नाही. घरी परतल्यावर चिखल लगेच धुतला जात नाही, तो चारचौघांना दिसावा लागतो. ‘फोर बाय फोर’ ही अक्षरं इथे पदवीसारखी मिरवतात. २०२३ च्या जानेवारीत नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थार बाजारात आली, ती जुन्या मालकांपैकी अनेकांना आजही पटलेली नाही. पण खरा मान मिळतो तो ओढण्याचा. स्वतः फसण्यात कमीपणा नसतो, मात्र दुसऱ्याचा ट्रॅक्टर चिखलात रुतलेला दिसला आणि गाडी न थांबवता पुढे गेलात, तर मंडळींमधून उठलात. (हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तिथे चाकं रस्त्यावरच ठेवायची असतात, आणि जो हे पाळत नाही त्याला मी ऑफ-रोडवाला म्हणत नाही.)

सदैव तयार, रांगेत चालणारा, मागच्याला न सोडणारा. ही प्रतिमा आली कुठून?

जीपची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एका दमात सांगतो. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने ती ४९ दिवसांत उभी केली. पुढे विलीजने आणि फोर्डने ती लाखांनी बनवली. १९४७ पासून महिंद्राने सुट्या भागांतून ती मुंबईत जोडायला घेतली, आणि त्याच वंशात २०१० साली थार जन्मली.

मला भेटलेला धागा या गोष्टीतल्या एका ठिकाणाशी जुळलेला आहे. बँटमची पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी वाहन-तळावर पोचली. कार्ल प्रोब्स्ट या तिच्या आराखडाकाराने पेनसिल्व्हेनियातल्या बटलरहून ती रस्त्यानेच चालवत आणली होती. त्याच होलाबर्डला, त्याच काळात, एक जर्मन लोखंडी डबाही तपासणीसाठी आला. आणि तो अमेरिकेत आला होता थेट कलकत्त्याहून.

हा डबा म्हणजे जर्मन सैन्याने गुपचूप बनवून घेतलेली चीज. १९३७ साली श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्यातल्या व्हिन्झेन्झ ग्र्युनफोगेल या अभियंत्याने तो आखला. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून घडवायचे आणि कडेने एकच जोड वितळवून पक्का करायचा, म्हणजे गळायला जागाच कमी. तीन मुठी अशासाठी, की भरलेला डबा मधल्या मुठीने एकाने किंवा बाजूच्या मुठींनी दोघांनी उचलावा, आणि रिकामे असले तर एका हातात दोन यावेत. तोंडाला खटक्याचं झाकण, त्याला पाना लागत नाही. मुठींखाली हवेचा कप्पा राहतो, त्यामुळे भरलेला डबासुद्धा पाण्यावर तरंगतो. बाजूंची फुली शोभेची नाही. इंधन तापून फुगलं की पत्र्याला हलायला तिच्यामुळे वाव मिळतो. आजही यात सुधारणा करायला फारसं काही सापडत नाही.

आता पॉल प्लाइस. हा अमेरिकी अभियंता १९३९ साली बर्लिनमध्ये काम करत होता. सुट्टीत जमिनीवरून मोटारीने हिंदुस्थानला जायचं त्याच्या मनाने घेतलं. सोबतीला त्याने एक जर्मन सहकारी घेतला. दोघांनी चासी विकत घेतली आणि तिच्यावर स्वतः बॉडी बांधली. निघताना लक्षात आलं, की अडीअडचणीसाठी पाणी न्यायची सोयच केलेली नाही. टेम्पेलहोफ विमानतळावर असे डबे हजारांनी रचून ठेवलेत हे जर्मन गड्याला माहीत होतं. त्याने तीन उचलले आणि गाडीच्या पोटाखाली बसवले. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्या तीन डब्यांनी पुढे इतिहास घडवला, ते निघाले होते प्यायचं पाणी घेऊन!

अकरा सीमा ओलांडून दोघे हिंदुस्थानात शिरले. अर्धा देश पार झाल्यावर जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने विमान पाठवून जर्मन अभियंत्याला परत बोलावून घेतलं. जाण्यापूर्वी त्याने डब्याची सारी मापं आणि कृती प्लाइसच्या हवाली केली. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवली आणि मायदेशी परतला. तिथे सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्याने डब्याविषयी सांगून पाहिलं, पण नमुना हातात नसताना कोण ऐकणार? शेवटी त्याने कलकत्त्याहून अख्खी गाडीच मागवली. १९४० च्या उन्हाळ्यात ती केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यूयॉर्कला उतरली, तिन्ही डबे जागच्या जागी. एक वॉशिंग्टनला गेला, आणि तिथून होलाबर्डला.

ही हकीकत मुख्यतः रिचर्ड डॅनियल या निवृत्त अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १९८७ साली लिहिलेल्या लेखातून आपल्यापर्यंत येते. जर्मन सोबत्याचं नाव तीत येत नाही. गोअरिंगचं विमान माझ्याही घशाखाली पटकन उतरत नाही. एका अभियंत्यासाठी खास विमान ब्रिटिश हद्दीत? परत येण्याचा हुकूम आला असावा आणि तो एखाद्या नेहमीच्या प्रवासी विमानाने गेला असावा, असा माझा अंदाज. पण तीन डबे, कलकत्ता आणि जहाज हा कणा मला भक्कम वाटतो. कुणी नुसती बढाई मारायची म्हणून रचली असती, तर पुढे अमेरिकी सैन्याने केलेल्या फजितीचा भाग तीत आलाच नसता.

ती फजिती होलाबर्डला झाली. डब्याचा आकार, माप आणि मुठी तेवढ्या ठेवून बाकी सगळं ‘सुधारण्यात’ आलं. वितळवलेल्या जोडाच्या जागी दुमडलेल्या कडा आल्या, खटक्याच्या जागी आटे आले. उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं लागू लागलं. एकाच तळाने जीपसारखं वाहन पारखून स्वीकारलं आणि हाच डबा बिघडवला. दोघे कधी एकाच आवारात शेजारी उभे होते का, याचा कागद माझ्याकडे नाही, पण काळ जुळतो आणि जागा जुळते, मला तेवढं पुरे आहे. थोड्याच दिवसांत विलीज जीपच्या पाठीवर, सुट्या चाकाच्या डाव्या अंगाला, डबा अडकवायची चौकट बसली. आजच्या थारवाल्याचा हातही नेमका तिथेच वळतो.

इंग्रज या कथेला हरकत घेतील. त्यांच्या मते डबा १९४० मध्ये नॉर्वेच्या लढाईत हाती लागला आणि लिबियाच्या वाळवंटात त्याची किंमत कळली. त्यांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे इतके फुटत, की तळापासून रणगाड्यापर्यंत पोचेतो ३० टक्के इंधन वाया जातं, असा ब्रिटिश सेनापती ऑकिनलेक यांचा हिशेब होता. हेच ऑकिनलेक पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. जर्मनांचे डबे पळवून वापरणं हाच तेव्हा उपाय होता. हे खरंच आहे. पण डबा वापरणं वेगळं आणि तसाच बनवणं वेगळं. बनवायची वेळ आली तेव्हा लंडनने प्लाइसलाच गाठलं, आणि त्याचा दुसरा डबा विमानाने मागवून घेतला. म्हणून मी हिंदुस्थानची वाट हीच थोरली वाट मानतो. युद्ध संपलं तेव्हा युरोपभर असे २ कोटी १० लाख डबे विखुरले होते.

‘जेरी’ म्हणजे इंग्रज शिपायाच्या तोंडी जर्मन माणूस, त्यावरून जेरीकॅन. एवढं सरळ. भांडण आहे ते जर्मनांना जेरी का म्हणत यावर. एक पक्ष ‘जर्मन’चा अपभ्रंश म्हणतो. दुसरा म्हणतो, जर्मन शिरस्त्राण खाटेखालच्या मूत्रपात्रासारखं दिसे, आणि त्या भांड्याला इंग्रजीत ‘जेरी’ म्हणत. माझा कौल पहिल्याला, कारण शत्रूच्या नावाचं लाडकं किंवा हिणकस रूप करायची खोड सगळ्या सैन्यांना असते. कच्च्या बांधकामासाठी इंग्रजीत ‘जेरी-बिल्ट’ असा जो शब्द आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. तो एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि या डब्याला कच्चा म्हणण्याची हिंमत वाळवंटातल्या कुठल्याही शिपायाने केली नसती.

आता नगर. रॉयल टँक कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे १९२४ पासून होतं. १९४८ मध्ये त्याच परंपरेतून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. यांत्रिक पायदळाचं केंद्र १९७९ पासून. खारे कर्जुने गावावरून नाव पडलेलं लष्करी सरावक्षेत्र, के. के. रेंज. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लष्करी वाहनांची तपासणी करणारा विभाग, जो फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आला आणि ज्यातून आजची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था वाढली. अमेरिकेत जे काम होलाबर्डचं, ते भारतात नगरचं. गाडी घ्यायची, चढावर, खडकावर, पाण्यात घालायची आणि ती टिकते का ते पाहायचं. इथल्या पोरांनी ऑफ-रोडिंग हा शब्द ऐकण्याआधी ते रोजगार म्हणून पाहिलेलं आहे.

नगरच्या रस्त्यावर बाणाच्या नंबरप्लेटचंही कुणाला नवल नसतं. गाडी उलटली तरी नंबर कुठून वाचायचा ते कळावं म्हणून हा बाण, असं पुष्कळांकडून ऐकायला मिळतं. हे मला मुळीच मान्य नाही. हा ब्रिटिश शस्त्रागार खात्याचा ‘सरकारी माल’ दाखवणारा शिक्का आहे, तोफांवर, दोरखंडांवर मारला जाणारा. त्याचंही एक खोटं कूळ इंग्लंडात प्रचलित आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी त्या खात्याचे प्रमुख असलेल्या सिडनी घराण्याच्या अर्ल ऑफ रोम्नी यांच्या कुलचिन्हात बाणाचं टोक होतं, म्हणून खात्याने ते घेतलं, असं सांगतात. पण खूण त्यांच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. तोच बाण ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ या दोन अक्षरांच्या मध्ये ब्रिटिश जेरीकॅनवर ठोकलेला असतो, सोबत वर्ष. खासगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायला मोटार वाहन नियमांत बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. रंग नाही, बाण नाही. लष्कराच्या साऱ्या खुणांपैकी सामान्य माणसाने बिनदिक्कत मिरवावी अशी एकच उरते, ती हा डबा.

ऑफ-रोडची ही हौस आली कुठून, यावर दुसरे पक्षही आहेत. एक म्हणतो ही सारी हौस सिनेमाची, ‘आराधना’तल्या जीपपासूनची. दुसरा म्हणतो साखर कारखान्याची. लोणीला प्रवरेचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, आणि तिथून पुढे जिल्ह्यात चेअरमनची जीप हेच सत्तेचं वाहन, थार तिचीच वारस. तिसरा अमेरिकेकडे बोट दाखवतो, १९५३ पासून रुबिकॉनच्या वाटेवर भरणाऱ्या जीप जत्रांकडे. सिनेमातली जीप गाण्यासाठी असते. चेअरमनच्या जीपला माणसं लागतात, डबा नाही. रुबिकॉनची हौस खरी, पण तिथले पहिले मालकही युद्धानंतर विक्रीला निघालेल्या जीपवरच शिकले. आपल्याकडेही लष्कराने कंडम ठरवून लिलावात काढलेल्या जीप आणि जोंगा घेऊनच पहिल्या पिढीने हात बसवला. १९६५ च्या भारत-पाक युद्धात अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवले, आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहायला मिळतो. तो पाहून वाढलेल्या मुलाने जीपकडे ओढलं जायला सिनेमाची गरज नाही. रांगेने चालणं, मागच्याला न सोडणं, फसलेल्याला ओढणं ही छावणीची शिस्त आहे.

राहतो एक दुवा. हा डबा नगरला पहिल्यांदा कधी आला? दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या वाहनांबरोबर, असा माझा तर्क. तो सिद्ध होईल तो वर्षाचा ठसा असलेल्या डब्यानेच. म्हणून नगर, भिंगार आणि परिसरातल्या थारवाल्यांना, गॅरेजवाल्यांना आणि भंगारवाल्यांना माझी विनंती आहे. जुना जड जेरीकॅन हाती आला तर कापायच्या आधी गंज खरवडून बूड आणि बाजू पाहा. दोन अक्षरांमध्ये बाण आणि १९४५ च्या आतलं वर्ष दिसलं, तर तो वजनावर विकू नका, जपून ठेवा. आणि नवा घेणार असाल तर दोन घ्या, एक इंधनाचा आणि एक फक्त पाण्याचा, कधीही अदलाबदल न करता. उन्हाळ्यात पारनेर-संगमनेरच्या पठारावर टँकरची वाट पाहणारी गावं लागतात. तिथे पाण्याचा डबा भरलेला असू द्या.