गडावरची इमारत आणि गडाखालची वाडी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. बहुतेकांची त्याच्याशी ओळख तेवढीच. फार तर पक्षी अभयारण्य आणि सुळक्यावरची आग्यामोहाची पोळी. आजच्या धाग्यात मात्र त्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेल्या टाक्यांपासून सुरुवात करायची आहे. प्रश्न असा : जिथे पाऊस, दरड, आग आणि समुद्र यांपैकी काही ना काही सतत अंगावर येते, त्या आपल्या कोकणपट्टीत ‘बांधावे कसे आणि उत्तर द्यावे कोणी’ याचे नियम कधीपासून आहेत?

कर्नाळा लहान किल्ला आहे. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता, १६७० मध्ये परत स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने घेतला. तटबंदी आज जागोजागी ढासळलेली आहे. टाकी मात्र शाबूत आहेत. कारण ती बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की डोंगरमाथ्यावर घोटभर पाणी मिळत नाही. गड राहणार की जाणार हे तटाच्या जाडीइतकेच या टाक्यांवर ठरत असे.

हीच गोष्ट नियम म्हणून लिहिली गेली ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, साधारण १७१५ च्या सुमारास. आज्ञापत्र आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यातले दुर्गांचे प्रकरण मात्र बांधकामाची नियमावली म्हणून वाचून पाहा, वेगळेच पुस्तक हाती आल्यासारखे वाटते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नाही आणि जागा तर सोडता येत नाही, अशी अडचण असेल तर आधी खडक फोडून टाकी-तळी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. या शेवटच्या सूचनेत केवढा अनुभव साठलेला आहे! हे वाक्य लिहिण्याआधी कुठल्यातरी गडाचा झरा खरोखर आटला असणार आणि कुणीतरी तहानेने गड खाली केला असणार.

दारूखान्याचे नियम तर आजच्या कोणत्याही अग्निसुरक्षा नियमावलीत शोभतील. दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर असावे. तळघर करून आत गच्च करावा, जमिनीवर माच घालून त्यावर दारू ठेवावी, ओल पोहोचू देऊ नये. ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः उभे राहून ती उन्हात वाळवून पुन्हा बंद करून ठेवावी. तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढावीत, तटाचे गवत जाळावे. पिंपळाचे रोप दगडाच्या सांध्यात शिरले की बुरुजाचे काय होते, हे ज्याने कुठलाही गड पाहिला आहे त्याला सांगायला नको.

आणि एक सूचना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गडावरची इमारत वेळ मारून नेण्यापुरती करू नये, मजबूत करावी, असे अमात्य बजावतात. असे बजावावे लागले याचाच अर्थ असा की, वेळ मारून नेणारी इमारत तेव्हाही होत होती.

इथे थोडे मागे जाऊ. शिवाजी महाराजांचे एक पत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल : चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते नेहमी सांगितले जाते. त्याच पत्राचा उत्तरार्ध आगीविषयी आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. गवताच्या गंजी, शाकारलेल्या पागा, आगट्या पेटवणारे, तंबाखू ओढणारे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, घोडी मरतील, इतक्या बारकाव्यापर्यंत हा राजा जातो. शाकारलेल्या घरांच्या मुलखात आग हा रोजचा शेजारी असतो, हे त्या पत्रामागचे भान आहे.

आता ‘उत्तर द्यावे कोणी’ याकडे येतो, आणि त्यासाठी बेटावर जावे लागेल.

मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीत जंजिरा उभा. सिद्दीचे आरमार तिथून हलत नव्हते, म्हणून महाराजांनी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. भर समुद्रात, शत्रूच्या तोफांच्या सावलीत, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून चाललेले हे काम. दगड, चुना, धान्य, मजुरांचे पैसे, सगळे किनाऱ्यावरून होडीने यायचे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला रसद आणि ऐवज पोहोचवण्याचा हुकूम होता. त्याने तो वेळेवर पाळला नाही. १८ जानेवारी १६७५ चे त्याला गेलेले पत्र मराठी कागदपत्रांतल्या अत्यंत कडक पत्रांपैकी एक आहे. तिथे लोक काम करीत आहेत आणि तू ऐवज अडवतोस, म्हणजे तू हबशाचे काही खाल्लेस काय, अशा आशयाचा संशय त्यात उघड व्यक्त केलेला आहे. जात पाहून तुझी गय केली जाईल असे समजू नकोस, हेही स्पष्ट बजावलेले आहे.

या पत्राकडे आपण ‘महाराजांचा राग’ म्हणून पाहतो. मी ते कंत्राटाच्या इतिहासातला कागद म्हणून वाचतो. काम रखडले तर दोष गवंड्याचा नाही, पाथरवटाचा नाही. माल आणि पैसा ज्याने वेळेवर पोहोचवायचा त्याचा. जबाबदारीची ही साखळी त्या कागदात नावानिशी दिसते.

पद्मदुर्गावर आजही एक चमत्कारिक दृश्य दिसते. साडेतीनशे वर्षे खाऱ्या लाटा आणि वारा खाऊन तटाचे दगड आतून झिजले, पोखरले. पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. घाणीत मळलेल्या चुन्याने दगडाला मागे टाकले. त्या घाणीवर उभ्या असलेल्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. रायगडावर हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे, ते आपल्याला भावते आणि भावावेच. पण पायरीवरचे नाव हा मान असतो. पत्रातले जिवाजी विनायकाचे नाव हे दायित्व आहे. नियमांचा इतिहास लिहायचा तर दुसऱ्या प्रकारची नावे जास्त उपयोगी पडतात.

इंग्रजांच्या मुंबई बेटाविषयी थोडक्यात. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या आतल्या दाट वस्तीला मोठी आग लागली, शहराचा बराच भाग जळाला. त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती वाढली आणि कोटाभोवतीचे मोकळे मैदान रुंदावले. आजची मैदाने पाहताना ही आग आठवत नाही, इतकेच. पुढे १८९६ चा प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि साडेत्रेसष्ट अंशांचा प्रसिद्ध नियम आला : समोरची इमारत इतकीच उंच असावी की खालच्या खोलीतही उजेड-वारा पोहोचावा. आधी आपत्ती, मग नियम. १९६२ मध्ये भारताचे पहिले भूकंपविषयक बांधकाम मानक आले तेव्हा दख्खन स्थिर मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरले आणि १९७० मध्ये नकाशा बदलावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि तो नकाशा पुन्हा अपुरा ठरला.

आता परत कर्नाळ्याखालच्या रस्त्यावर. हाच रस्ता पुढे महाडला सावित्री नदी ओलांडतो. तिथला दगडी कमानींचा पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. पाहणी झाली, कागद तयार झाला, आणि पूल गेला. आज्ञापत्रातला हवालदार दारू वाळवताना स्वतः उभा राहायचा, ते का, हे इथे समजते. त्याच महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. इमारतीचे वय दहा वर्षेही नव्हते.

२०१७ पासून महाराष्ट्रात रेरा लागू आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. (आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला पहिल्याच पावसात ओल आली, तेव्हा संबंधितांनी दोन पावसाळे ‘माणूस पाठवतो’ म्हणून काढले. वडिलांनी कलम छापून नेले, मग माणूस आला.) पण हा कायदा सदनिका विकत घेणाऱ्याचा आहे. ज्याचे घर कुणी विकलेलेच नाही, त्याचे काय?

पनवेलहून चौककडे जाताना इर्शाळगडाचा सुळका दिसतो. कर्नाळ्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी होती, ठाकर समाजाची. १९ जुलै २०२३ च्या रात्री, अनेक दिवसांच्या पावसानंतर, कडा खाली आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबवण्यात आला. दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे अशीच गाडली गेली होती. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्यांची बरीच चर्चा झाली. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. हे विधिमंडळात सांगितले गेले तेव्हा ते स्पष्टीकरण म्हणून सांगितले गेले. मला ते कबुलीसारखे ऐकू आले.

वाडीतल्या घरांच्या बांधणीत चूक नव्हती. कारवीच्या कुडाचे वा विटांचे, ते घर हजारो टन दगडाखाली टिकणार नव्हतेच. प्रश्न जागेचा होता. आणि जागा पाहण्याचा नियम तर आपल्याकडे सर्वांत जुना. आधी पाणी पाहा, शेजारचा डोंगर माऱ्याच्या टप्प्यात आहे का ते पाहा, मग बांधा : आज्ञापत्रातला स्थपती इमारतीआधी भोवतालचा डोंगर वाचतो. पण तो नियम गडासाठी होता. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर, उतारांवर राहणाऱ्यांनी पहारे केले, गवत कापले, पाणी वाहिले. त्यांच्या झोपड्या कुठे असाव्यात यासाठी असा नियम त्या प्रकरणात सापडत नाही. आजच्या नगररचनेच्या नियमावल्याही भूखंडापासून सुरू होतात, आणि वाडी हा बहुतेकदा भूखंड नसतो.

वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ नवी घरे बांधली गेली, सपाट जागेवर, सिडकोकडून. गेल्या हिवाळ्यात कर्नाळ्यावर गेलो होतो. टाक्यांत पाणी होते, तळापर्यंत स्वच्छ नव्हे, पण होते. शेजारच्या तटाच्या सांध्यातून मनगटाएवढा पिंपळ वर आला होता.

पुढचा धागा पद्मदुर्गाच्या चुन्यावर. कुणाकडे तिथली जुनी छायाचित्रे असतील तर खाली जरूर जोडावीत.