शेण पडलं, पण मुरलं नाही

गावी गेलो की सकाळी आजी गोठा आवरताना दिसते. शेण पाटीत भरायचं, थोडं गोवऱ्यांना ठेवायचं, बाकीचं उकिरड्यावर. उन्हाळ्यात तेच शेणखत होऊन शेतात जातं. त्यामुळे 'शेणानं कुरणं खराब झाली' हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण ऑस्ट्रेलियात खरंच तसं झालं होतं.

जानेवारी 1788 मध्ये ब्रिटिश कैद्यांना घेऊन 'फर्स्ट फ्लीट'ची जहाजं तिथे पोचली. वाटेत केप ऑफ गुड होपला घेतलेली मोजकी गुरंही सोबत होती. काही महिन्यांतच ती रानात पळून गेली. 1795 मध्ये सापडली, तेव्हा त्यांचा चांगला मोठा कळप झाला होता. त्या जागेला 'काउपाश्चर्स' हेच नाव पडलं. गवत होतं, पाणी होतं. नव्हतं ते शेण उचलणारं कुणी.

तिथे शेणकिडे होते, पण त्यांना सवय कांगारूंच्या कोरड्या, लहान लेंड्यांची. गाईचा ओला, पसरट पो त्यांच्या आवाक्याबाहेरचा. गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. त्यांच्याखालचं गवत पिवळं पडून मरतं. भोवतीचं गवत तरारून वाढतं, पण वासामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि ते जरड होतं. उघड्यावर पडलेल्या शेणातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो. वर त्यात माश्यांची पैदास होते.

यात ऋतूचाही वाटा आहे. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्याच्या तोंडावर पडलेला पो गोवरीसारखा वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो. खत समोर असतं, पण गवताच्या मुळांपर्यंत पोचत नाही.

1950 च्या सुमारास आलेल्या, मूळच्या हंगेरीच्या जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाला हे वाळके पो खटकले. युरोपात त्यानं शेण जमिनीत नाहीसं होताना पाहिलं होतं. शेण खाणारे कीटक कुरणं सुधारू शकतील का, असा प्रश्न त्यानं 1960 मध्ये एका लेखात विचारला. पुढे सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेनं प्रकल्प हाती घेतला. रोग येऊ नयेत म्हणून परदेशातून किड्यांची निर्जंतुक केलेली अंडी आणली जायची. 1968 ते 1984 या काळात आफ्रिका आणि युरोपातल्या 43 जाती सोडल्या गेल्या. त्यातल्या 23 टिकल्या.

किडा शेण बिळात नेतो, तेव्हा खत मुळांजवळ पोचतं आणि त्याच बिळांतून पाणी मुरतं. पण प्रत्येक किड्याचा हंगाम ठरलेला. उत्तरेच्या उन्हाळी पावसात फोफावलेल्या आफ्रिकी जाती दक्षिणेच्या थंड पावसात चालत नव्हत्या. दक्षिणेत हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे किडे मिळाले, पण मधला वसंत रिकामा राहिला. नेमकं तेव्हाच गवत जोमात असतं आणि माश्याही वाढू लागतात. ही फट बुजवायला 2010 नंतर पुन्हा युरोपातून, वसंतात काम करणारे किडे आणले. तिकडचा वसंत म्हणजे इकडचा शरद, त्यामुळे त्यांचं वेळापत्रकही सहा महिन्यांनी फिरवावं लागलं.

आम्ही प्रोग्रॅमर दुसऱ्याचा कोड उचलतो आणि तो ज्यावर चालतो ते आणायचं विसरतो. सगळं नीट बसलेलं दिसतं, फक्त चालत नाही. ऑस्ट्रेलियात गाय आली, तिचे किडे मागेच राहिले. ही चूक निस्तरायला दोनशे वर्षंही पुरली नाहीत.

आपल्याकडे गोठ्यातलं शेण आजी उचलते, गायरानातलं किडे. ते आयतेच मिळालेत, म्हणून दिसत नाहीत. गुरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा अंश शेणात उतरतो आणि त्यात या किड्यांच्या अळ्या मरतात. यंदा पावसाळ्यात गावी गेलो, तर एखादा पो काडीनं उलटून बघणार आहे. खाली भोकं दिसली, तर काम चालू आहे.